गाठींच्या लेबलांवरची कविता

कवितेचे एकवीस भाग मी स्वतः क्रमाने लावले होते, त्यामुळे चूक कोणाची याबद्दल शंका नको.

मी तेव्हा दारव्ह्याच्या वाचनालयात ग्रंथपाल होते. रोज दुपारी आमच्याकडे एक गुजराती काका येत. घरची जिनिंग-प्रेसिंग, म्हणजे कापसातून सरकी काढून गाठी बांधायचा कारखाना होता, पण तो भाऊ बघत. काका गुजरातीत कविता लिहीत आणि इतरांच्या कवितांवर टीका. नाव झालं ते टीकेमुळे. रुईची चिमूट दोन अंगठ्यांत धरून तंतू ओढून बघतात, तशी ते ओळ ओढून बघत आणि तुटली की छापून कळवत. नागपूर-अमरावतीकडचा एकही गुजराती कवी त्यांच्या तावडीतून सुटला नव्हता.

त्यांची स्वतःची दीर्घ कविता मात्र कोणी ऐकली नव्हती. कापसाचे ते वाईट हंगाम होते. बोंडअळीने शेतं खाल्ली, काकांची जिनिंग बंद पडली आणि गाठींना लावायच्या जाड लेबलांचे गठ्ठे तसेच राहिले. काकांनी लेबलांच्या पाठीवर कविता लिहिली. आजोबा काठेवाडातून वऱ्हाडात कसे आले, त्याची. एका लेबलावर एक भाग.

अशात यवतमाळच्या गुजराती मंडळींनी त्यांना कविता वाचायला बोलावलं. समोर तेच सगळे कवी बसणार होते. वाचायची तर फार हौस, आणि भीतीने दोन दिवस जेवण जात नव्हतं.

"बेन, आता माझी पाळी," ते म्हणाले.

मी सोबत जायचं कबूल केलं आणि गठ्ठा ताब्यात घेतला. गुजराती मला अर्धीमुर्धी वाचता येते, पण प्रत्येक लेबलावर गाठीचा नंबर छापलेला होता. मी नंबरवार लावून रबर घातलं आणि माझ्या कामांच्या यादीत त्यापुढे खूण केली.

काळी-पिवळी जीप दारव्हा सोडून दहा मिनिटं झाली असतील, काकांनी रबर काढलं. पहिल्याच लेबलावर आजोबांचं तेरावं होतं. लग्न बाराव्या लेबलावर, जन्म त्याच्याही पुढे. काकांनी हाताला येईल ते लेबल ओढून लिहिलं होतं; नंबरांचा आणि कवितेचा काही संबंध नव्हता.

मग मी जीपचं कपाट केलं. काका एकेक लेबल वाचून भाग सांगत आणि मी ते कोणा ना कोणा प्रवाशाच्या मांडीवर ठेवत जाई. खड्डा आला की अख्खं घराणं उडे. समोरचा शेतकरी चौथा, पाचवा आणि सहावा भाग सांभाळत म्हणाला, "काहून हो काका, गाठी नाई अन् लेबलं घेऊन कुठी चालले?"

काकांना इतकं हसू आलं की आजोबांचा साखरपुडा त्यांच्या हातून खिडकीबाहेर जाता जाता वाचला. सातवा भाग मी एका बंजारा आजीकडे दिला होता. तिने तो पिशवीत, चुन्याच्या डबीखाली जपून ठेवला. इतका जपून की ती तांड्यावर उतरली तेव्हा तोही उतरला. हे आम्हाला यवतमाळला कळलं. (बाजाराच्या दिवशी तिने तो जीपवाल्याकडे पोचता केला, पण त्या दिवशी काय उपयोग.) पाठ नव्हता का? नव्हता. काकांना पाठ होत्या त्या दुसऱ्यांच्या ओळी.

सभागृहात काकांनी सहा भाग वाचले आणि थांबले. "सातवा भाग तांड्यावर उतरला," त्यांनी सांगून टाकलं. लोक हसले. पहिल्या रांगेत नागपूरचे एक कवी होते. त्यांच्या संग्रहाला काकांनी आखूड धाग्याचा म्हटलं होतं. त्यांनी विचारलं, त्यात होतं काय? काकांनी सांगितलं, आजोबांची पहिली जिनिंग. आणि सवयीने पुढे जोडलं की तसाही त्या भागात उपमांचा भरणा फार आहे.

"टीका उत्तम आहे," कवी म्हणाले. "कविता कुठाय?"

सभागृह लोळायचं बाकी राहिलं. सगळ्यात जास्त काकाच हसत होते. डोळे पुसून त्यांनी उरलेले चौदा भाग एका दमात वाचले.

वाचन संपताच सगळ्या कवींनी त्यांना घेरलं. मी मधे पडायला उठले. नागपूरकरांनी त्यांच्या हातातून लेबलं घेतली, चौथा भाग स्वतः मोठ्याने वाचला, अगदी सावकाश, आणि म्हणाले की असं त्यांना लिहिता आलं नसतं. मग म्हणाले, नववा मात्र लांबलाय. दुसरा म्हणाला, शेवट उरकलाय. तिसऱ्याने लयीतली चूक धरली.

काका माझ्याकडे वळले. चेहरा असा की जणू घरात लग्न निघालंय. "बेन, वही काढा. लिहून घ्या सगळं."

अकरा दोष निघाले. परतीच्या जीपमध्ये त्यांनी ती यादी माझ्याकडून तीनदा वाचून घेतली.

"इतकी वर्षं मला कोणी वाचलंच नव्हतं हो," ते म्हणाले.

पाचवा दोष त्यांना अजिबात मान्य नव्हता आणि त्यावर ते नागपूरला पत्र लिहिणार होते. उरलेले दहा दारव्हा येईपर्यंत त्यांना पाठ झाले.