भिंगरीचा बोर्ड

आमच्या ह्यांच्या पायाला भिंगरी आहे, म्हणून त्यांच्या आईनं त्यांचं नावच भिंगरी पाडलं. माणूस धंद्यानं शिंपी, म्हणजे जन्मभर बसून करायचं काम, पण बूड टेकेल तर शपथ. पडदा शिवताना मध्येच उठून कात्री जागेवर आहे का बघतील. तोंडात घास असताना दाराची कडी नीट लागली का ते पाहून येतील. सिनेमाला गेलो की मध्यंतराच्या आधीच हे बाहेर पायऱ्यांवर उभे. लग्नानंतर बरीच वर्षं मला वाटायचं, ह्यांना माझा कंटाळा येतो. मग लक्षात आलं की हे कुणाजवळच बसत नाहीत. तेव्हा माझा राग गेला, पण सगळा नाही.

खाली दुकान, वर आम्ही. दुकान म्हणजे एक मोठी खोली. खिडकीशी ह्यांचं मशीन, शेजारी माझं, मध्ये कापायचं लांब टेबल आणि कोपऱ्यात वाफेची इस्त्री. पडदे, गाद्यांच्या खोळी, खुर्च्यांची कव्हरं ही आमची कामं. दुकानाच्या बरोबर डोक्यावरच्या खोलीत सासूबाईंचा पलंग. दुकान मुळात त्यांचंच. खिडकीतल्या मशीनवर त्या बसायच्या आणि ह्यांना सुईत दोरा ओवायला त्यांनीच शिकवलं. मग त्यांना झटका आला, उजवी बाजू गेली आणि बोलण्यातला 'नको' एवढा एकच शब्द मागे राहिला. तो मात्र त्या ठणठणीत उच्चारतात.

काही हवं असलं की त्या डाव्या हातानं चमचा घेऊन स्टीलचा पेला वाजवायच्या. एका दुपारी मी मापं घ्यायला बाहेर गेले होते आणि ह्यांनी जाड पडद्यांचं काम काढलं होतं. सासूबाई पलंगावरून घसरल्या. पेला वाजवत राहिल्या. मशीनच्या घरघराटात ह्यांना काही ऐकू आलं नाही. मी परत येऊन जिना चढले तेव्हा त्या जमिनीवर होत्या. चमचा हातातच होता, पण वाजवणं त्यांनी सोडून दिलं होतं. हाड मोडलं नाही हे नशीब. मी ह्यांना नाही नाही ते बोलले. हे जिन्यात उभे राहिले, वर येईनात की खाली जाईनात.

ताई म्हणजे ह्यांच्या मोठ्या बहीण, दुसऱ्या शहरात राहतात. बाई सरळ आहेत, बोलतात तेही सरळ. फोनवर म्हणाल्या, "भिंगरी, मी तुला दोष देत नाहीये. पण तुमचं दोघांचं काम असं की आईचा आवाज तुम्हाला ऐकूच येणार नाही. माझ्या घराजवळ एक चांगली जागा आहे, चोवीस तास नर्स असते. पुढच्या महिनाअखेरीला मी गाडी घेऊन येते."

"तिला विचार तरी," हे म्हणाले.

फोन सासूबाईंच्या कानाला लावला. त्यांनी ऐकून घेतलं, "नको" म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड केलं. ताई पलीकडून म्हणाल्या, "ती सगळ्यालाच नको म्हणते रे." तेही खरंच होतं.

त्या दिवसापासून ह्यांची भिंगरी जास्तच फिरायला लागली. दोन टाके घातले की मशीन बंद, धाड धाड जिना, वरून आवाज, "ठीक आहे ना?" आणि पुन्हा धाड धाड खाली. खोलीत पाऊल टाकायचे नाहीत, उंबऱ्यावरूनच परत. शिवण वाकडी जायला लागली. एका गिऱ्हाइकाचे पडदे उसवून पुन्हा शिवावे लागले, तेही मी. माझंही डोकं ठिकाणावर नव्हतं. मशीन चालू असलं की वाटायचं वर काहीतरी पडलं, आणि बंद असलं की वाटायचं, इतकं शांत का आहे.

विकतची घंटा आणून झाली. मशीनपुढे ती ऐकू येईना. मग दिवा लावला. पण सुई चालू असताना शिंप्याची नजर सुईवरच असते, डोक्यावर दिवा लागला काय आणि विझला काय. शेवटी हेच म्हणाले, "आईनं बटण दाबलं की मशीनच बंद पडलं पाहिजे."

कोपऱ्यावर एक रिपेरवाले आहेत, पंखे-मिक्सर दुरुस्त करतात. त्यांनी तारा जोडजाड करून तसं काहीतरी करून दिलं. उशीएवढी मऊ गादी मी शिवली, तिच्या पोटात बटण. सासूबाईंनी नुसता हात टेकवला तरी खाली मशीन थांबायचं. आम्ही खूश. पण मशीनच्या हादऱ्यानं तारा सुटायला लागल्या. आज ही सुटली, उद्या ती. रिपेरवाले म्हणाले, "हे असं टिकायचं नाही हो. ह्याला छापील बोर्ड पाहिजे, म्हणजे ताराच पाटीवर छापलेल्या. कॉम्प्युटरवर काढा, कारखान्याला पाठवा, बोर्ड घरी येतो. सॉफ्टवेअर फुकट मिळतं."

"मग काढा ना तुम्ही," मी म्हटलं.

"मी जोडणारा माणूस, वहिनी. काढता मला येत नाही."

हे एवढंच म्हणाले, "बघतो." ह्यांच्या बघतोला मी फार किंमत देत नाही, घराचा नळ त्यावर कितीतरी दिवस गळत होता. पण मुलीनं सासरी जाताना ठेवलेला जुना लॅपटॉप माळ्यावरून खाली आला आणि कापायच्या टेबलावर, कापडाच्या ताग्यांच्या मध्ये बसला. हे अर्थात बसले नाहीत. सॉफ्टवेअरसुद्धा उभ्यानंच शिकले.

माऊस इस्त्रीसारखा दाबून धरायचे. शिकवण्याचे व्हिडिओ लावले तर त्यातला माणूस भरधाव बोलायचा. हे थांबवायचे, मागे घ्यायचे, टेबलाभोवती एक फेरी मारायचे, पुन्हा लावायचे. आधी सर्किटचा नकाशा काढायचा, कोणता भाग कुणाला जोडायचा तो. मग तेच भाग बोर्डावर मांडायचे. मांडले की सॉफ्टवेअर त्यांच्यामध्ये बारीक पांढऱ्या रेघा दाखवतं, की हे टोक त्या टोकाला जायला हवं. आपण तिथे तांब्याची रेघ ओढली की पांढरी नाहीशी होते. ते पहिल्यांदा जमलं तेव्हा ह्यांनी मला शिवणावरून उठवून नेलं.

"हा धावदोरा आहे बघ. पक्की शिलाई पडली की काढून टाकायचा."

"छान आहे. माझी इस्त्री जळतेय."

"आणि हे बघ, लाल रेघ वरच्या बाजूची, निळी खालच्या. दोन लाल एकमेकींवरून जाऊ शकत नाहीत. मग काय करायचं, भोक पाडून खाली उतरायचं, निळ्यातून पलीकडे जायचं, पुन्हा वर यायचं."

त्यांच्या तोंडावर जे होतं ते मी फार दिवसांनी पाहत होते, म्हणून इस्त्री बंद करून पाच मिनिटं उभी राहिले. मग सॉफ्टवेअरनं चुका शोधल्या आणि बोर्डावर बाणच बाण उभे केले. ही रेघ त्या रेघेला चिकटते, हे टोक लोंबतंय, हे भोक काठाच्या बाहेर. ह्यांनी एक चूक सुधारली की दोन नव्या निघायच्या. असे कितीतरी दिवस गेले. जेवण उभ्यानं, चहा उभ्यानं, आणि तोंडात फक्त रेघा. मला एकीकडे बरं वाटायचं आणि दुसरीकडे संताप यायचा. आईसाठी बोर्ड काढायचा आणि आईच्या खोलीत घडीभर थांबायचं नाही, हे कसलं प्रेम, हे मला कळत नव्हतं. एकदा तसं बोललेही. म्हणाले, "अगं, तिच्याचसाठी चाललंय ना?" आणि पुन्हा बाणांकडे वळले.

मशीन थांबवायचं काम ज्या डबीसारख्या भागाचं, त्याला रिले म्हणतात. रिपेरवाल्यांनी दिलेला रिले जुन्या कुठल्यातरी यंत्रातला होता, सॉफ्टवेअरच्या पेटीत त्याचं माप नव्हतं. ते स्वतः काढायचं होतं. ह्यांना काय, मापं घेण्यात तर जन्म गेला. रिले हातात घेतला, पालथा केला, पाय मोजले, दिसले तसे मांडले. मग बोर्ड कागदावर खऱ्या मापात छापून घेतला आणि रिलेचे पाय त्यातून टोचून पाहिले. चपखल बसले. बोर्ड कारखान्याला गेला.

पार्सल आलं ते ताई यायच्या आदल्या दिवशी. हिरवे, चकचकीत बोर्ड, एकसारखे, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत ह्यांनी 'आई' असं छापून घेतलेलं. हे मला माहीत नव्हतं.

रिपेरवाल्यांनी एकेक भाग लावला. शेवटी रिले घेतला आणि तो बसेना. फिरवून पाहिला, तरी बसेना. एका बाजूचे पाय जिथे हवे तिथे भोकं दुसऱ्या बाजूला. आरशात बघून काढल्यासारखं.

"पण मी टोचून पाहिलं होतं," हे म्हणाले. "चपखल बसलं होतं."

"कागद कसा धरला होता?"

ह्यांनी हातानं करून दाखवलं, आणि तिथेच थांबले. आम्ही शिंपी लोक खडूनं आखतो ते कापडाच्या उलट्या बाजूवर. कागदी नमुना टाचतो तोही उलट्या बाजूवर, सुलटी बाजू खराब होऊ नये म्हणून. हाताला सवयच ती. रिले पालथा घालून पोटाकडून मापला, कागद पालथा धरून टोचला, आणि दोन्ही चुका एकमेकींशी इतक्या छान जुळल्या की कळलंच नाही. आलेले सगळे बोर्ड तसेच.

हे दुकानातून बाहेर गेले, परत आले, पुन्हा गेले. "पुन्हा मागवायचे तर दोन आठवडे. ताई उद्या येतेय." टेबलावरची टाचणी उचलायचे, ठेवायचे. "मलाच अक्कल नाही. नेऊ दे तिला. निदान तिथे पडली तर कुणी उचलेल तरी."

ते शेवटचं वाक्य माझ्या जिव्हारी लागलं आणि माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "खोळ उलटी शिवतो तेव्हा काय करतो आपण? फेकून देतो? मग हा बोर्ड उलटा करा आणि ती डबी मागच्या बाजूनं घाला."

मी हे रागानं बोलले होते, शहाणपणानं नव्हे. पण रिपेरवाल्यांनी बोर्ड पालथा केला, रिले मागून टोचला, आणि तो गपकन बसला. "अहो, चालतंय की," ते म्हणाले. मोटरच्या तारा त्यांनी स्वतः जोडल्या, त्यात आम्हाला हात लावू दिला नाही. रिले पोटाखाली लोंबत असल्यामुळे बोर्ड त्याच्यासाठी आणलेल्या खोक्यात मावेना, म्हणून माझा जेवणाचा प्लॅस्टिकचा डबा गेला. आता असं झालं की वर गादीवर हात पडला की खाली मशीन बंद, आणि खालचं लाल बटण दाबेपर्यंत ते पुन्हा सुरू व्हायचं नाही. त्या संध्याकाळी आम्ही मुद्दाम जाड कापड शिवून हादरे दिले. एक तार हलली नाही.

दुसऱ्या दिवशी ताई आल्या. हातात सासूबाईंच्या कपड्यांसाठी रिकामी बॅग. ती त्यांनी दाराशी ठेवली. ह्यांनी सगळं समजावलं, लाल रेघा, निळ्या रेघा, उलटा रिले. ताई म्हणाल्या, "मला रेघा नको दाखवूस. तू शीव, मी इथे बसते."

हे शिवायला बसले. मी माझ्या मशीनवर. थोड्या वेळानं ह्यांचं मशीन अर्ध्या शिवणीत थांबलं. हे बाणासारखे वर. "ठीक आहे ना?" मग खाली, लाल बटण, मशीन सुरू. बॉबिन जेमतेम फिरली असेल, तोच पुन्हा बंद. पुन्हा वर, पुन्हा खाली. "काही नाही, ठीक आहे." तिसऱ्यांदा थांबलं तेव्हा ह्यांचा चेहरा उतरला. ताई हळूच म्हणाल्या, "बिघडलं का रे?"

"कुठेतरी शॉर्ट होतंय," असं म्हणत हे वर पळाले. ह्या वेळी ताई मागोमाग गेल्या, त्यांच्यामागे मी.

शॉर्ट कुठेच नव्हतं. सासूबाईंचा हात बटणाच्या गादीवर होता, आमच्यादेखत त्यांनी तो पुन्हा दाबला. हे उंबऱ्यावरच. "आई, पाणी हवं?"

"नको."

"उशी नीट करू? बाथरूमला जायचंय?"

"नको. नको."

मग त्यांनी गादीवरचा हात उचलला आणि शेजारची चादर थोपटली. पलंगावर, स्वतःच्या कडेला, एका माणसापुरती जागा. हे बघत राहिले. पुन्हा थोपटलं, जरा जोरात, लहानपणी दोरा ओवायला बसवताना थोपटत असतील तसं.

हे आत गेले. पलंगाच्या काठावर टेकले, उठायच्या बेतानंच. गुडघा हलत होता, नेहमीसारखा. सासूबाईंनी डावा हात त्या गुडघ्यावर ठेवला आणि तसाच राहू दिला. बराच वेळ गुडघा हातासकट हलत होता. मग थांबला.

ताई खाली गेल्या. मी खिडकीतून पाहिलं, दाराशी ठेवलेली रिकामी बॅग त्यांनी उचलली आणि गाडीत मागच्या सीटवर टाकली. मग परत आत आल्या. खाली मशीन अर्ध्या शिवणीत बंदच होतं, आणि लाल बटण दाबायला कुणी उठलं नाही.