सगुणाबाईंचे तेरा मणी

डोंबिवलीतल्या आमच्या कॉलेजच्या कार्यालयात मी चौतीस वर्षं काढली. पुढच्या मे महिन्यात निवृत्त होईन. मी बी.कॉम. विज्ञान शाखेच्या प्रयोगशाळेशी माझा संबंध काय, तर तिथून आलेल्या मागणीपत्रावर सही करून ते पुढे पाठवायचं. त्यामुळे सगुणा वीरकर यांच्याबद्दल लिहायचा अधिकार खरं तर नीरजा मॅडमचा. त्या रसायनशास्त्र शिकवतात. पण त्या म्हणाल्या, "भाऊ, तुम्हीच लिहा. घोटाळा तुमच्यापासून सुरू झालाय." ते खरं आहे, म्हणून लिहितो.

सगुणाबाई मूळच्या म्हसवडकडच्या. लग्न होऊन डोंबिवलीला लागूनच असलेल्या कोपरला आल्या, त्याला आता तीसेक वर्षं झाली. नवरा दगडू, फर्निचरच्या दुकानात सुतार. चाळीतल्या एका शेजारणीकडून सगुणाबाई मण्यांची तोरणं करायला शिकल्या आणि वर्षा-दोन वर्षांत त्या शेजारणीच्या पुढे गेल्या. आज चाळीतल्या सहा बायका त्यांच्या हाताखाली काम करतात. तोरणाला गिऱ्हाईक गणपतीपासून दिवाळीपर्यंत. उरलेलं वर्षभर हात रिकामे. माझी बायको सुमती हिने आमच्या कळव्याच्या घरासाठी त्यांच्याकडून तोरण आणलं होतं. हिरवी-निळी पिसं, मधे कलश आणि दोन बाजूंना दोन मोर, एकमेकांकडे तोंड करून. सहा वर्षं झाली, एक मणी गळलेला नाही.

गेल्या जूनमध्ये नीरजा मॅडम वैतागून माझ्या टेबलाशी आल्या. अणू-रेणू जोडून दाखवायचा प्लॅस्टिकचा संच मोडला होता. "हायड्रोजनचे सगळे गोळे हरवलेत, भाऊ. पोरं खिशात घालून नेतात. नवीन मागवा." मला का कोण जाणे, आमच्या दारावरचं तोरण आठवलं. मी म्हटलं, "मॅडम, मण्यांचं चालेल का?"

दुसऱ्या दिवशी मॅडम माझ्याबरोबर कोपरला आल्या. सगुणाबाईंच्या खोलीत सतरंजीवर बसून त्यांनी मणी समोर घेतले आणि शाळेतल्या पोरांना सांगावं तसं सांगितलं. काळा मणी म्हणजे कार्बन, त्याला चार हात. निळा नायट्रोजन, तीन हात. तांबडा ऑक्सिजन, दोन. पांढरा हायड्रोजन, त्याला एकच. प्रत्येक हाताने दुसऱ्या कुणाचा तरी हात धरायचा, कुणाचाही हात मोकळा राहता कामा नये. कधी दोघं एकमेकांचे दोन-दोन हात धरतात. एवढ्यावर पाणी होतं, साखर होते, आपलं शरीर होतं.

सगुणाबाईंची जोडीदारीण कलावती शेजारी बसली होती. ती म्हणाली, "म्हणजे पांढरा गरीब बिचारा. एकच हात, कुणी सोडला की गेला."

"म्हणून तर पोरांच्या खिशात जातो," सगुणाबाई म्हणाल्या.

अडचण काळ्या मण्याची होती. त्याचे चार हात सपाट पसरून चालत नाहीत. चारही दिशांना सारख्या अंतरावर गेले पाहिजेत. मॅडमनी चार फुगे फुगवून गाठीशी बांधून दाखवले. सगुणाबाईंनी ते हातात फिरवले आणि हसल्या.

"हा तर सराटा! आमच्या रानात पायात मोडायचा. कसाही पडू दे, एक काटा वरच."

मॅडम म्हणाल्या, "मी उद्यापासून वर्गात हेच सांगणार."

दगडूंनी लाकडी मण्यांना भोकं पाडायला एक साचा बनवला. मणी त्यात धरायचा, फिरवायचा, ड्रिल मारायचं. तार भोकात घट्ट बसायची, पण ओढली की निघायची. मॅडमची तशी अटच होती, पोरांना जोडून-सोडून बघता आलं पाहिजे. पाणी झालं, मिथेन झालं, ग्लुकोज झालं. ग्लुकोजला चोवीस मणी लागतात, ते सगुणाबाईंनी एका बैठकीत केलं आणि मॅडमना एकही हात मोकळा सापडला नाही.

नोव्हेंबरमध्ये संस्थेने ठरवलं की आपल्या अकराही शाळांना असे संच द्यायचे. एका बाजूला सगुणाबाईंचं काम, दुसऱ्या बाजूला तयार प्लॅस्टिकचं. संस्थेचे विज्ञान सल्लागार महेंद्र सर शनिवारी सकाळी अकरा वाजता येऊन दोन्ही बघणार आणि निवडणार. नमुना म्हणून अ‍ॅलानिन या अमिनो आम्लाचे चाळीस नग मागितले होते. अमिनो आम्लं म्हणजे ज्यांच्या माळा गुंफून प्रथिनं होतात ते लहान रेणू, हे मला आता कळतं. एका नगाला तेरा मणी: तीन काळे, सात पांढरे, एक निळा, दोन तांबडे. काम मिळालं तर सहा बायकांना बारा महिने काम. नाही मिळालं तर पुन्हा गणपतीची वाट बघायची. यात न समजण्यासारखं काही नव्हतं.

मॅडमनी एक नग स्वतः जोडून दिला आणि त्या परीक्षेच्या कामाला पुण्याला गेल्या. दोन दिवसांनी सगुणाबाईंचा मला फोन आला.

"साहेब, चाळीस म्हणजे वीस एका तोंडाचे, वीस दुसऱ्या तोंडाचे करू ना? समोरासमोर?"

तोरणात मोर असोत, पोपट असोत, हत्ती असोत, ते जोडीनेच होतात आणि एकमेकांकडे बघतात. एकाच दिशेला बघणारे दोन मोर कुणी दारावर लावत नाही. घरात येणाऱ्याकडे पाठ केल्यासारखं दिसतं. हे त्यांना सांगायची कधी गरजच पडली नव्हती. आणि मी, ज्याने आयुष्यात दोन सह्या असल्याशिवाय कागद पुढे सरकवला नाही, तो म्हणालो, "तुम्हाला जसं बरं दिसेल तसं करा."

गुरुवारी दुपारी मॅडम परतल्या आणि कोपरहून आलेलं नगांचं खोकं उघडलं. पाचेक मिनिटांनी मला बोलावणं आलं. त्यांनी टेबलावर दोन नग ठेवले होते.

"भाऊ, हे दोन एकमेकांवर बसवून दाखवा."

मी फिरवले, उलटे केले, आडवे धरले. तेरा मणी इकडे, तेरा तिकडे, रंग तेच, पण एकावर एक बसेनात.

"तुमची उजवी चप्पल डाव्या पायात घालून बघा," मॅडम म्हणाल्या, "तसं आहे हे. एक दुसऱ्याचं आरशातलं रूप आहे. आपल्या शरीरातली प्रथिनं फक्त डाव्या प्रकारच्या अमिनो आम्लांची बनतात. वीस नग बरोबर आहेत. वीस उलटे."

मी फोनची गोष्ट सांगितली. त्या एवढंच म्हणाल्या, "परवा अकराला महेंद्र सर येणार." आणि त्यांना लगेच पर्यवेक्षणाला जावं लागलं.

वीस उलटे नग आणि एक बरोबरचा, असे पिशवीत घालून मी रिक्षाने कोपरला गेलो. वाटेत मनात हिशोब करत होतो तो इतकाच, की हे बाईंना कसं सांगायचं. सांगितलं, ते सरळच सांगितलं. चूक माझी, हेही सांगितलं.

कलावती भडकली. "आता शरीरात पण डावं-उजवं? आणि आधी कुणी सांगायचं? आम्ही काय मोरांची पाठ लावायची दारावर?"

"कलावती, गप गं," सगुणाबाई म्हणाल्या.

"गप काय? भोकंच उलटी पडली असतील. दगडूभावजी गेलेत म्हसवडला, सोमवारी येणार. नवीन मणी आणणार कुठून?"

सगुणाबाईंनी मात्र एक बरोबरचा आणि एक उलटा नग दोन हातांत घेतले आणि बराच वेळ फिरवत बसल्या. त्यांची बोटं बघण्यासारखी असतात. डोळ्यांच्या आधी बोटं पुढे जातात. मग त्या म्हणाल्या, "भोकं सारखीच आहेत. सराट्याला कुठलं आलंय डावं-उजवं? चारही काटे सारखे. फरक आहे तो कोण कुठल्या काट्यावर बसलंय त्यात."

त्यांनी उलट्या नगातल्या मधल्या काळ्या मण्यावरून पांढरा मणी ओढून काढला. मग निळ्याचा घोस काढला. पांढरा निळ्याच्या जागी, निळा पांढऱ्याच्या जागी. दोन्ही नग शेजारी धरले. फिरवले. एकासारखा एक.

"झालं," त्या म्हणाल्या.

"झालं?" मी म्हणालो.

"दोघांनी जागा बदलल्या की तोंड फिरतं." मग त्यांना आणखी काही सुचलं असावं. दुसरा नग घेऊन त्यांनी निळ्याला हात न लावता तांबड्यांचा घोस आणि दुसऱ्या टोकाचा काळा घोस बदलला. तरी तोंड फिरलं. "कुठलेही दोन बदला. चारातले कुठलेही दोन." मग त्याच नगात आणखी दोन बदलले, आणि तो पुन्हा उलटा झाला. "आणि दोनदा बदलले की परत मूळचा! बघ, कलावती."

कलावतीने स्वतः करून बघितलं, तिसऱ्यांदाही बघितलं. "आईशप्पथ," ती म्हणाली आणि तिचा राग तिथेच विरघळला.

मी बाहेर येऊन मॅडमना फोन लावला आणि जसं पाहिलं तसं सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "भाऊ, हे मी बी.एस्सी.च्या मुलांना एक तास खर्चून शिकवते. आणि त्यातल्या अर्ध्यांना तरीही कळत नाही. त्यांना हे कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. माझ्या समोर शोधलं."

चौतीस वर्षांत कॉलेजची बरीच बक्षिसं मी कपाटात लावली, फ्रेम केली, नोंदवली. कशाने छाती फुगली नाही अशी त्या दिवशी कोपरच्या त्या गल्लीत फुगली.

शनिवारी अकराला महेंद्र सर वेळेवर आले. माणूस हुशार, पण जिभेला धार. टेबलाच्या एका टोकाला प्लॅस्टिकचा चकचकीत संच, दुसऱ्या टोकाला लाकडी मणी. कोपऱ्यात नवीन साडी नेसून सगुणाबाई उभ्या.

"हे काय, हळदीकुंकवाचं वाण आहे का?" सर म्हणाले.

"वाण नाही सर, अ‍ॅलानिन," नीरजा मॅडम म्हणाल्या. "तपासून बघा."

सर तपासायला लागले. पांढरा मणी स्वतःकडे करायचा आणि उरलेले तीन घोस कुठल्या क्रमाने येतात ते बघायचं, तांबड्यांचा, मग काळ्याचा, मग निळा. घड्याळाच्या काट्यांप्रमाणे आले तर बरोबर. त्यांनी एक उचलला, ठेवला. दुसरा, तिसरा. बाराव्या की तेराव्या नगाला त्यांचा हात थांबला. त्यांनी तो पुन्हा फिरवला आणि उंच धरला.

"हा उलटा आहे!"

मॅडमनी माझ्याकडे बघितलं, मी सगुणाबाईंकडे.

"हो साहेब," सगुणाबाई म्हणाल्या. "तो एकच आहे. मुद्दाम ठेवलाय."

"मुद्दाम?"

"आमच्याकडनं आधी वीस उलटे झाले होते. एकोणीस सरळ केले. एक ठेवला. उलटा हातात घेतल्याशिवाय सरळ कसा असतो ते मलाच कळलं नव्हतं, मग पोरांना कसं कळणार?"

माझं मत विचाराल तर त्या क्षणी चूक झाकायला दहा सबबी होत्या आणि त्यांनी त्यातली एकही घेतली नाही. महेंद्र सरांनी उलटा नग त्यांच्यापुढे ठेवला.

"सरळ करून दाखवा."

सगुणाबाईंनी तो उचलला, डोळे मिटले, दोन मणी ओढले, दोन बसवले आणि परत दिला. सरांनी पांढरा मणी स्वतःकडे केला. बरोबर होता. मग त्यांनी प्लॅस्टिकच्या संचातला एक घेतला आणि म्हणाले, "आता याला उलटा करा." तोही झाला, फक्त प्लॅस्टिकचा सांधा कडक असल्याने बाईंना थोडा जोर लावावा लागला.

"बाई, केमिस्ट्री कुठे शिकलात?"

"कोपरला," सगुणाबाई म्हणाल्या.

सर मोठ्याने हसले. मी त्यांना हसताना प्रथमच पाहिलं. त्यांनी आपला चष्मा काढला, पुसला, आणि मला म्हणाले, "लिहून घ्या. अकराही शाळांना मण्यांचे संच. आणि प्रत्येक खोक्यात एक उलटा नग राहिला पाहिजे. तो विसरला तर खोकं परत."

मी लिहून घेतलं. मंजुरीच्या त्या कागदावर मागणीचं वर्णन मीच टाइप केलं: "अ‍ॅलानिन, चाळीस नग, पैकी एक उलटा, मुद्दाम." लेखापरीक्षक हे वाचून काय म्हणेल ते म्हणो. त्या कागदावर या वेळी मी दोन सह्या घेतल्या, एक नीरजा मॅडमची आणि एक सगुणाबाईंची. त्यांनी सही करताना पेन घट्ट धरलं आणि पूर्ण नाव लिहिलं, सगुणा दगडू वीरकर. मग कागद माझ्याकडे सरकवून विचारलं, "साहेब, उलट्या नगावर खूण काय करायची?"

"तुम्हाला जसं बरं दिसेल..." मी बोलायला लागलो आणि थांबलो. "मॅडमना विचारू," मी म्हटलं.

"शिकलात हो साहेब," सगुणाबाई म्हणाल्या.