दुसऱ्याच्या बढाया मारणारे व्याही

स्वतःच्या बढाया मारणारे पुष्कळ पाहिले, पण दुसऱ्याच्या बढाया मारत हिंडणारा माणूस उभ्या अमेरिकेत एकच, आणि तो नेमका माझा व्याही निघाला. मी मुलाकडे शिकागोला आलो की हे मला गाडीत घालून मिरवतात. डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या मिठाईवाल्याला म्हणाले, "यांच्या हातचा खवा खाल्लात तर दुकान बंद कराल!" मी जन्मात खवा आटवलेला नाही, तो आमची मंडळी आटवायची. न्हाव्यापुढे तर त्यांनी माझ्या टकलाचीसुद्धा तारीफ केली.

परवा त्यांनी मला विस्कॉन्सिनमधल्या एका दुधाच्या गावी नेलं. तिथल्या लोकांनी जुना गोठा जसाच्या तसा जपलाय. लोणी काढायची लाकडी पिंपं, पणज्यांचे फोटो, आणि पाहुण्यांना धार काढून दाखवायला एक खरीखुरी गाय. मी चौथी शिकलेला, पण चार म्हशींवर पोराला इंजिनीअर केला. व्याह्यांनी गोठा दाखवणाऱ्या म्हाताऱ्या बाईंना इंग्रजीत काय काय सांगितलं कोण जाणे, म्हशी चाळीस झाल्या एवढं मला कळलं. बाईंनी लगेच माझ्या हातात बादली दिली. भोवती वीसेक माणसं जमली.

"अहो, आठ वर्षं सडाला हात लावला नाही. बोटं आखडलीत," मी कुजबुजलो.

"तुमची आखडलेलीसुद्धा यांना भारी पडतील!"

आता नाही म्हणावं तर व्याही खोटे पडणार आणि माझं नाक कापलं जाणार. स्टूल सारून मी सवयीनं गायीच्या डावीकडे उकिडवा बसलो. गायीनं बादलीच उडवली. बाईंनी खुणेनं दाखवलं, इथं उजवीकडून धार काढतात.

"मी जन्मभर डावीकडेच बसलोय," मी म्हटलं. व्याह्यांनी त्याचं इंग्रजी केलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या!

"काय सांगितलंत?"

"म्हटलं, आधी ते गायीचा स्वभाव तपासतात."

मग हट्ट सोडला. उजवीकडे गेलो, पाठीवरून हात फिरवला, कास धुतली, "हो बाय, हो" म्हणत राहिलो. पहिल्या ओढी कोरड्याच. व्याही वाकून रिकाम्या बादलीत बघायला लागले. आणि मग तिनं पान्हा सोडला. बादलीत धार वाजायला लागली तशी माणसं ओरडली. वर बघतो तर व्याही डोळे पुसत शेजारच्या गोऱ्याला चक्क मराठीत सांगतायत, "बघ, बघ, आमचा माणूस आहे!"

पुढच्या महिन्यात मी गावी परतणार. तिथं सगळ्यांना माझं सगळं खरं खरं ठाऊक आहे. वाढवून सांगणारं कुणी नाही.