बाजारातला अभिनंदनाचा फ्लेक्स
जूनमधला रविवार, मागितलेली रक्कम एक लाख पंच्याण्णव हजार, आणि धाड गावात आमच्या घराच्या ओट्यावर हजर होतो मी, माझी मुलगी आणि एका खासगी विद्यापीठाचा एजंट. नव्या फ्लेक्सचा रबरी वास आला की तो दिवस आठवतो. मुलीला प्रवेश परीक्षेत उत्तम गुण पडले होते. एजंटाने आम्हाला न विचारताच बाजारात तिच्या फोटोचा फ्लेक्स लावला होता, 'पंच्याहत्तर टक्के शिष्यवृत्तीबद्दल अभिनंदन.' एजंट म्हणाला, "काका, दुसरं कॉलेज तं पंचवीसच टक्के देते. साऱ्या गावानं फोटो पाह्यला, आता काऊन मोजून राह्यले?" मी फीच्या हिशेबाचा कागद पुढे केला. ट्यूशन फी दोन लाख चाळीस हजार, माफीनंतर साठ हजार. पण होस्टेल आणि डेव्हलपमेंट फीचे एक लाख पस्तीस हजार सक्तीचे. पंचवीस टक्केवाल्या कॉलेजात होस्टेलसकट एकूण एक लाख चाळीस हजार. मुलगी म्हणाली, "बाबा, हा माणूस टक्के दाखवते, रुपये नाई." गावाच्या लाजेने आम्ही बांधले जाऊ, हा त्याचा हिशेब होता. "पह्यले थो फ्लेक्स उतरव बे!" मी ओरडलो. आजही बाजारात असे पोरींचे फोटो दिसले की डोकं तापतं. आम्ही एक लाख चाळीस हजार दुसऱ्या कॉलेजला भरले. एजंटाला फक्त चहा मिळाला.