पडद्यावर न आलेला धूर

मशीनच्या खोलीतून धूर येत होता आणि पडद्यासमोरचा साहेब मला म्हणत होता, “मावशी, टेन्शन नको. इथे सगळं हिरवं आहे.”

रबाळ्याच्या त्या ऑफिसात मी लादी पुसायचे, चहा द्यायचे. त्याचं काम पडद्यावरचे ठिपके बघायचं. मशीन बिघडलं की ठिपका लाल व्हायचा. चहाही तो ठिपक्यांकडे बघतच प्यायचा. मशीनच्या खोलीत मात्र कधी गेला नाही.

“अहो, पडद्यावरच्या घड्याळात दहाच वाजलेत. मी बाराचा चहा आणलाय.”

त्याने मनगट बघितलं. पडदाच दोन तास अडकून पडला होता. धूर त्याच्या नाकात गेला होता, पडद्यावर आला नव्हता.

“लाल झाल्याशिवाय जागा सोडता येत नाही, मावशी,” तो खोकत म्हणाला.

मी दंडाला धरून त्याला जिन्याने खाली ओढलं. मशिनं जळाली. आम्ही दोघं वाचलो.