उंचीला निम्मे गुण

श्रीरामपूरकडच्या एका साखर कारखान्याच्या बास्केटबॉल संघाला आमच्या कॉलेजातला एक खेळाडू हवा होता, नोकरीसकट. निवडीच्या सामन्यात सरांनी मला खेळाडूंना गुण द्यायला बसवलं. मी दोन वेण्यांची महापारखी, निम्मे गुण उंचीलाच वाटून टाकले.

बैलबाजारात मुरलेले माझे वडील शेजारी बसले होते. "उंची काय बघतीस? पडल्यावर कोन चटकन उठतंय ते बघ."

मी नाक मुरडलं.

शेवटच्या पाच मिनिटांत उंच गडी धापा टाकायला लागले आणि माझ्या यादीत तळाला असलेला बुटका पडला तरी उठून चेंडू पळवत राहिला. मी वही टाकून बाकावर चढले नि घसा बसेपर्यंत ओरडले. खाली उतरून यादी फाडली, सरांना एकच नाव दिलं. नोकरी त्यालाच लागली.

"दात बघायचे ऱ्हायले की," वडील म्हणाले.