राखून ठेवलेला बाटला

रेवा आणि निखिल,

मागच्या रविवारी तुमच्या आईने फोनवर सांगितलं, की तुमच्या घरामागच्या पांढऱ्या टाकीत प्रोपेन भरून गेलेल्या ट्रकचं बिल आलं आणि तुमच्या बाबांनी ते तीनदा वाचलं. मग निखिलने फोन घेतला. शहरातल्या लोकांना गॅस नळाने आणि स्वस्तात मिळतो, पण आपण शेतांच्या मधोमध राहतो म्हणून ट्रकच्या येण्याजाण्याचा खर्चही आपल्याच माथी, हा अन्याय त्याने मला फार चांगला समजावून सांगितला. मी हसले, ते त्याला आवडलं नसावं. पण मी त्याला हसले नव्हते. हेच भाषण, जवळजवळ याच शब्दांत, मी साठ वर्षांपूर्वी कुवेतमध्ये ऐकलं होतं, आणि ते करणारा माणूस एकदम डोळ्यांपुढे उभा राहिला. तुम्हाला मराठी वाचता येतं आहे आणि माझा हात अजून थरथरत नाही, तेवढ्यात हे लिहून ठेवते.

कुवेतमध्ये त्या काळी चाचांइतका कंजूष माणूस नव्हता, आणि चाचांच्या दारातून कोणी उपाशी गेल्याचंही मला आठवत नाही. ही दोन्ही विधानं खरी आहेत.

चाचा म्हणजे आमचे शेजारी. पन्नासचं दशक संपत आलं होतं. तुमचे आजोबा तेलाच्या कामावर नकाशे काढत आणि आम्ही फहाहीलमध्ये राहत होतो. आज तिथे मोठा बाजार आहे म्हणतात. तेव्हा ते समुद्रकाठचं मच्छिमारांचं गाव होतं. आमच्या आणि चाचांच्या खोल्यांमध्ये एकच बुटकी मातीची भिंत होती. चाचा रत्नागिरीकडचे, एका खाडीकाठच्या गावचे. होडीतून उतरलं की चिखल तुडवत घर गाठायचं, असं ते गाव. सकाळी ते टेकाडावरच्या तेल कंपनीच्या वसाहतीत साहेबलोकांच्या मेसमध्ये स्वयंपाकाला जात. त्या वसाहतीत गॅस नळाने येई. मेसमधल्या शेगड्या पहाटे पेटत त्या रात्री विझत, मध्ये वर भांडं असो वा नसो. काडी वाचवायला शेगडी चालू ठेवतात, असं ती जागा. दिवसभर तिथे आठ शेगड्यांच्या पुढे उभे राहून चाचा संध्याकाळी गावात येत आणि भिंतीवरून पहिला प्रश्न विचारत, "वैनी, तुमची शेगडी इतकी का ओरडते?"

कारण गावात गॅस नळाने येत नसे. तो लोखंडी बाटल्यात येई. बाटल्यावर इंग्रजीत 'प्रोपेन' लिहिलेलं असे. आठवड्यातून एकदा शहराहून ट्रक वाळूतून हेलकावे खात येई आणि शहरातल्या भावावर वाटेतल्या प्रत्येक मैलाचा आकार लावी. ट्रक आला की चाचा ट्रकवाल्यासमोर कमरेवर हात ठेवून उभे राहत. हिंदी, अरबी आणि रत्नागिरीची बोली असं तीन भाषांत त्यांचं भाषण होई, आणि ट्रकवाला ते बाटले उतरवता उतरवता शांतपणे ऐके. मला नंतर भिंतीवरून त्याचा मराठी सारांश मिळे. "हा वायू राहतो कुठे? आपल्या पायाखाली. आपला शेजारी! शहरात जाऊन एक लोखंडी कोट घालून परत आला, की आपल्याकडेच गाडीभाडं मागतो. शेजाऱ्याने असं वागावं, वैनी?"

या अन्यायाशी चाचांनी एकट्याने युद्ध पुकारलं होतं आणि त्याच्या निरनिराळ्या आघाड्या होत्या. पहिली आघाडी गच्चीवर. तिथे तळ काळे केलेले चार टोप उन्हात मांडलेले असत. एकात आंघोळीचं पाणी, एकात भिजवलेली डाळ, एकात चणे, आणि चौथ्यात काय असे ते मला कधीच कळलं नाही. कुवेतचं ऊन तुम्ही पाहिलेलं नाही. दुपारी अंगणातल्या नळाला हात लावला तर फोड यावा, असं. चाचा म्हणत, "अर्धं काम सूर्याचं. त्याच्याकडे ट्रक नाय." दुसरी आघाडी एका चहाच्या लाकडी खोक्यात होती. त्यात खजुराच्या झाडाचा काथ्या ठासलेला आणि वर चाचींनी गावाहून शिवून दिलेली जाड गोधडी. भाताला एकच उकळी आणायची, झाकण घट्ट बसवायचं आणि टोप गोधडीत गुंडाळून खोक्यात ठेवून द्यायचा. मग चाचा नमाज पढून, दाढी करून, भिंतीवरून माझ्याशी दोन वाद घालून परत जाईपर्यंत आत भात शिजलेला. मी बी.ए. झालेली, उष्णता कशी टिकते ते पुस्तकात वाचलेली. पण भात शिजवायला तिचा उपयोग करायचं मला कधी सुचलं नव्हतं.

तिसरी आघाडी चहाची. एका माणसासाठी चहा उकळणं हे चाचांच्या मते पाप होतं. पाहुणा आला की ते त्याला बसवत, आणि स्वतः रस्त्यावर जाऊन उभे राहत. "आणखी तिघं पाहिजेत!" अशी हाक ऐकू आली की अख्ख्या गल्लीला कळे, चाचांकडे कोणीतरी आलं आहे. मग जाळं विणणारा बलुची, इराणी पाववाला, बांधकामावरचे आपलेच कोणी, असे सहा जण जमले की एकदाचा स्टोव्ह पेटे. आलेल्यांना चहाबरोबर खोक्यातला भातही मिळे, कारण तो गरमच होता आणि पुन्हा गरम करायला लागू नये, हा चाचांचा हिशोब. मी म्हटलं ना, दोन्ही विधानं खरी आहेत.

माझ्या स्वयंपाकघरात तर ते मागच्या दाराने येत आणि बोलता बोलता माझी शेगडी बारीक करत. "आच भांड्याच्या बुडाला द्यावी, वैनी, गालाला नाय." मी एकदा वैतागून म्हटलं, "चाचा, बाटला आमचा आहे." ते म्हणाले, "म्हणून तर मला त्रास होतो. माझा असता तर मी पेटवलाच नसता."

आणि ते अक्षरशः खरं होतं. चाचांकडे एक बाटला होता, भरलेला, नव्या दोन तोंडांच्या शेगडीला जोडलेला, आणि त्यावर ते स्वयंपाक करत नसत. स्वतःचं सगळं रॉकेलच्या स्टोव्हवर. बाटला खोलीच्या स्वच्छ कोपऱ्यात पाटावर उभा, अंगावर विणलेलं पांढरं झाकण. आजोबा त्याला 'जावईबापू' म्हणत. तो चाचींसाठी राखून ठेवला होता.

चाची गावी होत्या. लग्नाला वीस वर्षं झालेली, त्यातली जेमतेम तीन एकत्र काढलेली. ओल्या लाकडांच्या धुराने त्यांची छाती भरली होती. बोलताना मध्येच थांबावं लागे, असं चाचा सांगत. त्यांना एकदा इथे आणायचं आणि धूर नसलेल्या विस्तवापुढे उभं करायचं, एवढी एकच गोष्ट चाचांना आयुष्यात हवी होती. त्यासाठी लागणारे सगळे अर्ज मी इंग्रजीत लिहीत असे. कफिलाचं, म्हणजे तिथल्या जामीन राहणाऱ्या मालकाचं पत्र, घराचं पत्र, पुन्हा कफिलाचं पत्र, कारण पहिल्यावर शिक्का तिरका. प्रत्येकाची नक्कल मी तारखेप्रमाणे लावून ठेवी. असं दीड वर्ष चाललं. चाचींची पत्रं येत ती चाचा मला भिंतीवरून वाचून दाखवत. एकात त्यांनी विचारलं होतं, "धुराशिवाय चूल पेटते म्हणता, मग या घरात कोणी आहे हे शेजारणीला कळतं कसं?" चाचांनी ते वाक्य दोनदा वाचलं, आणि पत्र घडी करून खिशात ठेवलं.

संध्याकाळी तेलाच्या विहिरींकडे आकाश नारिंगी होई. जमिनीतून तेलाबरोबर वर येणारा गॅस तिथे नुसताच जाळून टाकत. चाचा गच्चीवरचे टोप आवरताना तिकडे बघत उभे राहत. "ती एक ज्वाळा आमच्या गावाला दिली," ते म्हणत, "तर एका बाईला फुंकणी हातात घ्यावी लागणार नाय." मग नेहमीप्रमाणे काहीतरी विनोद करत, पण तो मला ऐकू येई तोवर त्यांनी पाठ फिरवलेली असे.

एका शुक्रवारी दुपारी सहीसाठी अर्ज घेऊन मी त्यांच्याकडे गेले. दार उघडं होतं. चाचा पाटावर बसले होते. बाटल्याचं पांढरं झाकण गुडघ्यावर घडी करून ठेवलेलं. शेगडी पेटलेली होती, मोठ्या आचेवर, आणि वर काहीही नव्हतं.

"चाचा, वर भांडं नाही."

ते दचकले. "तपासत होतो, वैनी. वस्तू नुसती ठेवली की बिघडते."

"किती वेळ तपासता?"

"आता बंदच करत होतो." पण हात काही कळीकडे गेला नाही. ते म्हणाले, "रंग बघा. धूर दिसतो कुठे?"

"नाही."

"तिला लिहिलं तर खरं वाटत नाय."

मी अर्ज ठेवून परत आले. माझ्या घरात साबणाच्या वड्याही मोजून ठेवलेल्या असत. मीच जर वर्षात शुक्रवार किती येतात याचा विचार केला असता, तर पुढचं टळलं असतं. पण त्या निळ्या वर्तुळापुढे बसलेल्या माणसाचा हिशोब करावा, असं मला वाटलं नाही.

त्या थंडीत परवाना मिळाला आणि चाची मुंबईहून आगबोटीने आल्या. लहानखुऱ्या, काळा बुरखा, दोन पायऱ्या चढून दम लागलेला, आणि त्या शरीरात मावू नये एवढं मोठं हसू. चाचांनी खोली चुन्याने रंगवली होती. आम्हा दोघांना साक्षीदार म्हणून बोलावलं होतं. त्यांनी झाकण काढलं, काडेपेटी चाचींच्या हातात दिली आणि म्हणाले, "तू लाव."

चाचींनी काडी ओढली, चाचांनी कळ फिरवली. काहीच झालं नाही. दुसरी काडी, तिसरी काडी. मग चाचांनी खाली वाकून बाटला उचलला. आणताना ज्याला दोन माणसं लागली होती, तो एका हाताने वर आला.

ट्रक आदल्याच दिवशी येऊन गेला होता. आता आठवडाभर यायचा नव्हता. मी म्हटलं, "आमचा बाटला आणतो, लगेच." चाचांना ते ऐकूच आलं नाही. ते खाली बसले.

"काय झालं ओ?" चाचींनी विचारलं.

"संपला."

"संपला कसा? यावर तुम्ही चहा पण करत नव्हता, असं लिहिलंत ना?"

"दर शुक्रवारी थोडा वेळ बघत होतो."

"काय बघत होता?"

"तू इथे उभी राहिलीस तर कशी दिसशील ते."

आजोबा उगाचच छताकडे बघायला लागले. चाचींनी नवऱ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि मग त्या हसायला लागल्या, खोकला येईपर्यंत हसल्या. "या माणसाने मला पत्रातून काटकसर शिकवली, बाय," त्या मला म्हणाल्या. "रॉकेल कसं वाचवावं ते चार पानं!" मग बुरखा काढून खुंटीला लावला आणि अंगणात जाऊन त्यांनी तीन धोंडे मांडले. आमचा बाटला त्यांनी घेतला नाही. "आजचा दिवस राहू दे. मला येतं ते करते." खजुराच्या वाळक्या झावळ्या पेटवल्या आणि फहाहीलच्या स्वच्छ आकाशात भरपूर धूर सोडला. चाचा ते पांढरं झाकण हातात घेऊन त्यांच्या तोंडावरचा धूर वारत उभे होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते पुसायलाही त्यांनी हात थांबवला नाही.

धूर बघून बलुची आला, पाववाला आला, मागच्या गल्लीतल्या बायका आल्या. कोण आलंय, म्हणून विचारायला लागल्या. चाची नवऱ्याला म्हणाल्या, "बघा. कळलं की नाय?"

दुसऱ्या दिवसापासून आमचा बाटला त्यांच्याकडे होता, आणि ट्रक आल्यावर त्यांचा स्वतःचा. पाच महिने चाची त्या निळ्या आचेपुढे उभ्या राहिल्या. खोकला कमी झाला. भिंतीपलीकडून आम्हाला तो मोजता येई. मग गावी चाचांची आई पडली, आणि उन्हाळ्याच्या आधीच्या बोटीने चाची परत गेल्या. घरात दुसरं बघणारं कोणी नव्हतं. चाचांनी पुन्हा बाटला राखून ठेवला नाही. शेगडीही पुसली नाही. टोप मात्र गच्चीवर मांडत राहिले.

दोन वर्षांनी त्यांनी नोकरी सोडली. निरोप घ्यायला भिंतीपाशी आले, तेव्हा मी विचारलं, "गावी गॅस कुठला मिळणार, चाचा?"

"मुंबईला मिळतो. बोटीने बंदरापर्यंत येईल. पुढे खाडीत होडीचं भाडं, मग चिखलातून माणसाच्या डोक्यावर. इथल्या ट्रकवाल्यापेक्षा चौपट महाग पडेल."

मी पुढच्या भाषणाची वाट बघत राहिले.

"पडू दे," ते म्हणाले.

पावसाळ्यानंतर एक पोस्टकार्ड आलं. ते एकच. 'बाटला पोचला. ती आच मोठी ठेवते. मी काही बोलत नाही.'

फहाहीलची ती भिंत आता नाही. चाचाही नाहीत, चाचीही नाहीत. पोस्टकार्ड आमच्या घर बदलण्यात गेलं, आणि माझ्यासारख्या बाईकडून ते कसं हरवलं, हे मला अजून कळलेलं नाही. पण जाताना चाचांनी ते लाकडी खोकं गोधडीसकट भिंतीवरून माझ्याकडे दिलं होतं. खोकं दोनदा बदललं. गोधडी तीच आहे. एक कोपरा विरला आहे, तिथे मी निळं ठिगळ लावलं आहे. आज सकाळी तिच्यात भात ठेवला होता. एक वाजता उघडला तेव्हा गरम होता.